उंबराखालची टोपली

आमच्या कोल्हापुरात फुकट मिळालेली कुठलीही गोष्ट महिनाभरात कुणाच्या तरी बापाची होते, नाहीतर देवाची होते. घरामागच्या सार्वजनिक बागेतली डिस्क गोल्फची टोपली देवाची झाली.

खेळ सोपा आहे. लोखंडी खांबावर जाळीची टोपली, तिच्यावर गोल लटकणाऱ्या साखळ्या. आखलेल्या रेषेवरून प्लॅस्टिकची चकती फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, साखळ्यांना आपटून टोपलीत बसली की जिंकलात. फाटकावर ‘नवशिक्यांसाठी’ असा बोर्ड, चकत्या वॉचमनच्या खोलीत फुकट. मेंबरशिप नाही, गणवेश नाही, तिकीट नाही. मी पत्रकं लिहिणारी मुलगी. इंग्रजी नावाचा खेळ बागेत घुसला की पहिला संशय मला येतो. पण इथे विरोध करायला काही सापडेना. चिडले, आणि आईला घेऊन खेळायला गेले.

माझ्या आईने पन्नाशीपर्यंत खेळ म्हणून काय केलं? महिला दिनाला संगीत खुर्ची. बक्षीस काय, तर स्टीलचा डबा! म्हणजे खेळून जिंकलं तरी बाईने परत स्वयंपाकघरातच जायचं. पोरांना मैदानं, तालमी, फुटबॉल, गुलाल, हलगी. बायकांना बागेत चालायची परवानगी, तीही गुडघे दुखायला लागल्यावर.

आई चकती फेकायची ती तव्याचा चटका बसल्यावर हात झटकावा तशी. एकदा चकती हास्यक्लबात जाऊन पडली. तिथले लोक आधीच हसत होते, त्यामुळे कुणाला लागली ते कळलंच नाही. बागेतल्या टोपल्यांत उंबराखालची सगळ्यांत जवळची, पण तीसुद्धा आईला जमेना.

“एकदा तरी हिच्यात पडली पायजे,” ती म्हणायची. “मग मी मरायला मोकळी.”

“आई, काहीही काय बोलतेस?”

“मरत न्हाय गं. म्हणायची पद्धत हाय.”

मग एका गुरुवारी जाऊन बघतो तर टोपलीत झेंडूचे हार, सुकलेली तुळस, नारळाची शेंडी. खांबाला कुंकू. उंबर म्हणजे दत्ताचं झाड, त्याखाली नवी कोरी लोखंडी टोपली. लोकांना वाटलं, निर्माल्यासाठीच ठेवली. आणि ‘निर्माल्य पाण्यात नको, कलशात टाका’ हे पत्रक गल्लोगल्ली वाटलं कुणी? मीच. माझं लोकांनी ऐकलेलं हे एकमेव पत्रक, आणि तेही चुकीच्या टोपलीत!

बाकावर एक म्हातारे काठी घेऊन बसले होते. मुरगूडहून मुलाकडे राहायला आलेले. दुसरं काम नसल्याने टोपलीची राखण त्यांनी अंगावर घेतली होती.

“चपला काढा आधी,” ते ओरडले.

“आजोबा, ही खेळाची टोपली आहे. सार्वजनिक मालमत्ता आहे ही.”

“मग देव काय खासगी हाय व्हय?”

मी उत्तर जुळवत होते, एवढ्यात आईने चपला काढल्या, झाडाला हात जोडले आणि अनवाणी रेषेवर जाऊन उभी राहिली.

“आण्णा, पाय वर घ्या. माझा काय भरवसा न्हाय.”

पहिली चकती खोडावर. दुसरी त्यांच्या काठीवर.

“वैनी, नेम देवावर हाय का माझ्यावर? हात आडवा न्या की! भाकरी परतल्यागत काय करताय?”

आईने हात आडवा नेला. साखळ्या खणखणल्या आणि चकती झेंडूवर जाऊन बसली.

आई किंचाळली. आनंदाने किंचाळलेली आई मी पहिल्यांदाच ऐकली. ती चकती काढायला धावली, तर म्हाताऱ्यांनी काठी आडवी घातली.

“निर्माल्यात पडलं ते देवाचं. परत घ्यायचं नसतंय.”

“आसू दे देवाला. पण पडली का न्हाय?”

“पडली म्हंजे... वारं हुतं.”

“वारं? पान हलंना झालंय!”

“आन खाली हारांची गादी. रिकाम्या टोपलीत टिकली नसती. उडून भाईर आली आसती.”

आईचा चेहरा लालबुंद झाला. मी मोर्च्यात घोषणा देताना बहुतेक अशीच दिसत असणार.

“मग करा रिकामी,” ती म्हणाली.

म्हाताऱ्यांनी एकदा झाडाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग माळ्याला हाक मारून पोतं मागवलं, नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी हार उचलून पोत्यात भरले. चकतीही हारांबरोबर पोत्यात गेली. नियम म्हणजे नियम.

“तुझी दे,” आई मला म्हणाली.

फेकली. साखळीला लागून टुणकन बाहेर.

“बघा! काय म्हटलं मी?” म्हातारे लहान पोरासारखे खूश.

“परत,” आई म्हणाली. आणि त्यांनी स्वतः वाकून चकती तिला आणून दिली.

तेवढ्यात फुलांची पिशवी घेऊन एक बाई आल्या. चपला काढल्या, हात टोपलीकडे उचलला. माझ्या तोंडात अख्खं पत्रक तयार होतं. पण त्याआधी म्हातारेच कडाडले.

“ओ ताई, थांबा जरा! डाव चाललाय की. फुलं तिकडं पोत्यात टाका.”

बाईंनी फुलं पोत्यात टाकली आणि त्याही बघत उभ्या राहिल्या. आईचा नेम परत हुकला, आणि कुणी काही बोलायच्या आत ती पदर खोचून रेषेवर गेली.