मागच्या पायांची जड नाल
परवा सुनेनं नव्या दारावर घोड्याची नाल ठोकून घेतली, आणि त्या हातोड्याच्या आवाजानं मला माझी नाचरी घोडी आठवली. निजामाच्या राज्यात बोरीच्या आसपास कुठंही वरात निघाली, की मागच्या दोन पायांवर उभी राहून तीच नाचायची. एका उन्हाळ्यात तिचे मागचे सांधे सुजले. वरातीच्या सकाळी म्हातारा नालबंद त्या सांध्यावर हात ठेवून म्हणाला, "मालक, लय गरम लागायलंय. हलकी नाल ठोकतो. न्हाईतर आज नाचवूच नका." मी म्हणालो, "जड ठोक, चाचा. दगडावर आवाज न्हाई आला तर लोक म्हणतील, शेळी नाचायली." चाचा हसला न्हाई. त्यानं जड नाल ठोकली. नवऱ्या मुलाच्या दारात हलगी कडाडली, घोडी मागच्या पायांवर उठली आणि मोडल्यासारखी खाली बसली. परत उठलीच न्हाई. लोक गोळा झाले तसा मी ओरडलो, "नालबंदानं खिळा मासात मारला!" चाचानं वाकून घोडीच्या सुजल्या सांध्यावर परत हात ठेवला. पुढं गावात कुणी त्याच्याकडं जनावर नेलं न्हाई. परवा सुनेनं सहज इचारलं, "मामंजी, तुमची घोडी कशानं गेली?" मी म्हणालो, "नालबंदानं मारली."