बोरनहाणातली लूट

नोकरीत चोऱ्यामाऱ्यांच्या फिर्यादी ढिगाने घेतल्या आणि त्यातल्या बहुतेक विसरलोही. ही एक मात्र आठवली की अजून तोंड कडू होतं. हिच्यात रक्त सांडलं नाही, कुणाला शिक्षा झाली नाही, पेपरात दोन ओळीही आल्या नाहीत.

निवृत्तीआधी मी नाशिक शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. संक्रांत नुकतीच झालेली. सकाळची हजेरी घेऊन केबिनमध्ये बसलो, तर बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी हशा पिकला. बाहेर जाऊन पाहिलं. चाळिशी ओलांडलेला, इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ मान खाली घालून उभा होता.

"साहेब, यांच्या बाहुल्या चोरीला गेल्यात," अंमलदार हसू दाबत म्हणाला.

"बाहुल्या नाहीत हो, फिगर आहेत," तो गृहस्थ पुटपुटला.

मी सगळ्यांना झापलं आणि त्याला आत बोलावलं. खरं सांगायचं तर हसू मलाही येत होतं, पण माणूस फिर्याद घेऊन आलाय म्हटल्यावर ती ऐकायची असते, मग त्याची टाचणी हरवलेली का असेना.

तो पिंपळगाव बसवंतला द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर होता. लग्न झालेलं नाही. घरात आई, थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांचा लहान मुलगा. याला नाद एकच. परदेशी सिनेमांतले वीर, जपानी कार्टूनमधले योद्धे, यंत्रमानव, यांच्या वीतभर उंचीच्या मूर्ती जमवायच्या. कॉलेज सुटल्यापासून जमवत होता. बहुतेक बॉक्स कधी उघडलेलेच नाहीत. बॉक्स फोडला की वस्तूचं मोल गेलं, असं या मंडळींचं शास्त्र आहे. त्याच्या खोलीत काचेचं कुलूपबंद कपाट होतं. हंगाम सुरू झाला म्हणून तो आठवडाभर पॅकहाऊसवर मुक्कामाला गेला आणि परत येऊन बघतो तो कपाट रिकामं.

"साहेब, दुसरं काही गेलं असतं तरी चाललं असतं. पण घरात माझं म्हणून एवढंच होतं," तो म्हणाला.

अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल केला आणि घटनास्थळी गेलो. कपाटाची काच शाबूत, कुलूप शाबूत, घराचा दरवाजाही शाबूत. किल्ली देवघराच्या फडताळात असायची, तीही जागच्या जागी. चोराने किल्ली घेतली, कपाट उघडलं, रिकामं केलं, पुन्हा कुलूप लावलं आणि किल्ली देवापाशी ठेवून गेला. असा व्यवस्थित चोर आम्हाला सहसा बाहेरचा मिळत नाही.

मी घरच्यांना विचारलं. वहिनींनी माहीत नाही म्हणून हात वर केले. आईने चहा दिला आणि म्हणाली, "अहो साहेब, त्या भुतांपायी याचं लग्न राहिलं. पाहुणे मुलगा बघायला यायचे, ती खोली दिसली की चहा अर्धा टाकून उठायचे. गेली ती ब्याद. आता कशाला शोधता?"

थोरला भाऊ मात्र मला बाजूला घेऊन गेला. चांगला शिकलेला, नोकरदार, बोलायला गोड. "मी सांगितलं असं त्याला कळू देऊ नका. पण घोटीचा एक पोरगा याच्याकडे यायचा. त्यालाही हाच नाद. किल्ली कुठे असते ते त्याला माहीत आहे."

खबर घरातूनच मिळाली आणि तर्काला धरून होती. घोटीच्या भातगिरणीत काम करणाऱ्या त्या तरुणाला आमचे दोन कर्मचारी गिरणीतून, सगळ्यांच्या देखत, घेऊन आले. मी त्याची दुपारभर चौकशी केली. त्याच दिवशी फिर्यादीही जबाबासाठी आला होता, सोबत भाऊ आणि आई. तिघं बाहेर बाकावर बसलेले. आत मी आवाज चढवला की बाहेर ऐकू जात होता.

"मी नाय घेतलं साहेब," तो तरुण परत परत सांगत होता. "लय वेळा गेलोय त्याच्या घरी. कपाटाला हात लावायच्या आधी हात धुवायला लावायचा तो. त्याच्याकडंचं चोरून मी बोलणार कुणाशी? माझं बोलणं समजणारा तोच एक हाय."

अखेर तो रडला. चोरही रडतात, त्यामुळे रडण्यावर आम्ही जात नाही. पण त्याच्या घराची झडती घेतली, फोन तपासला, काही सापडलं नाही. संध्याकाळी सोडून दिला. जाताना तो बाकापाशी थांबला आणि आपल्या मित्राकडे बघून म्हणाला, "तुला पण तसंच वाटलं का रं?" फिर्यादीने नजर चुकवली. भाऊ शेजारीच मोबाईल बघत बसला होता.

पुढे तपास थंडावला. मग एक दिवस आमची एक महिला शिपाई केबिनमध्ये आली. हातात एक यंत्रमानव, एक हात तुटलेला, तोंडावर स्केचपेनने काढलेल्या मिशा. "साहेब, फिर्यादीने फोटो दिलेत ना, त्यातला हाच वाटतो. आमच्या पोराने लुटून आणला."

"लुटून?" मी खुर्चीतून उठलोच.

"बोरनहाणात हो साहेब!" ती घाईघाईने म्हणाली.

बोरनहाण आपल्या सगळ्यांच्या घरी होतं. काळे कपडे, हलव्याचे दागिने घालून बाळाला पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभरे ओतायचे आणि जमलेल्या पोरांनी ते लुटायचं. हल्ली त्यात चॉकलेटं आणि खेळणी आली. तिच्या गल्लीत एका घरी लेकीच्या मुलाचं बोरनहाण झालं होतं आणि पाटाभोवती अशा मूर्तींचा ढीग मांडला होता. ती लेक म्हणजे फिर्यादीची वहिनी. कार्यक्रम माहेरी केला, म्हणजे इकडे धाकट्या दिराला पत्ता नको.

मी आई, भाऊ आणि वहिनी, तिघांनाही ठाण्यात बोलावलं. वहिनींनी पाचव्या मिनिटाला सांगून टाकलं. किल्ली सासूबाईंनी दिली, बॉक्स नवऱ्याने फोडले आणि पुठ्ठा भंगारवाल्याला दिला.

"खेळणीच तर होती," भाऊ म्हणाला. "पोरांची वस्तू पोरांना दिली. घरातल्या घरात चोरी कसली हो साहेब?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आणि घोटीचा तो मुलगा? तुम्ही बाहेर बसून ऐकत होता ना? मूग गिळून?"

"मला वाटलं, तुम्ही थोडं विचाराल आणि सोडून द्याल. तेवढ्याने त्याची संगतही सुटली असती."

असा निर्ढावलेला माणूस मी गजाआडही क्वचित पाहिलाय. पोलिसांना खोटी माहिती दिल्याबद्दल कारवाई करायचीच, असं मी ठरवलं. गल्लीतल्या घरांतून मिळेल तेवढा माल पंचांसमक्ष जमा केला आणि ओळख पटवायला फिर्यादीला बोलावलं. टेबलावर सगळं मांडलं होतं. कुणाची मान मोडलेली, कुणाला चॉकलेट चिकटलेलं, कुणाचं धड एकाचं आणि पाय दुसऱ्याचे.

"ओळखता का?"

"नाही साहेब. हे माझं नाही."

"अहो, फोटोत आहे की!"

"फोटोतलं माझं होतं. हे आता पोरांचं आहे. त्यांना परत द्या. हिसकावून घेतल्यावर कसं वाटतं ते त्यांना आत्ताच कशाला?"

भावावर कारवाई नको, असंही तो म्हणाला. फिर्यादीनेच मुद्देमाल ओळखला नाही, तक्रार पुढे चालवायची नाही म्हणाला, तर चोरीच उरली नाही, मग खोटी माहिती तरी कशाची? कितीही चडफडलो तरी आमचे हात बांधलेले. "समजूतदार आहे तसा," भाऊ आईला म्हणाला आणि ती मंडळी घरी गेली.

फिर्यादी तेवढा घोटीला गेला. त्या तरुणाने दार उघडलं नाही. गिरणीतलं कामही गेलं होतं त्याचं.

काही दिवसांनी फिर्यादीची आई माझ्यासमोर येऊन बसली, डोळे सुजलेले. "साहेब, धाकटा कुठेतरी निघून गेलाय. फोन घेत नाही. काहीही करा, पण माझं लेकरू शोधून द्या."

शोधायला वेळ लागला नाही. पॅकहाऊसजवळ त्याने एक खोली घेतली होती. मी स्वतः गेलो. चटई, स्टोव्ह, चार कपडे, बाकी भिंती मोकळ्या. आई रडतेय म्हणून सांगितलं.

"तिला सांगा, मी बरा आहे. परत येणार नाही."

इतकी वर्षं चोरांच्या मागे फिरून मला वाटत होतं, कुलूप फोडतो तो चोर. घरातली माणसं कुलूप फोडत नाहीत. किल्ली देवाजवळून घेतात, तिथेच परत ठेवतात आणि तुमच्या भल्यासाठी तुम्हाला लुबाडतात. त्यासाठी आमच्याकडे कलम नाही, आणि असतं तरी ते लावायला कुणी आलं नसतं.

ठाण्यात परतून, मुलगा बेपत्ता असल्याचा आईचा अर्ज निकाली काढला. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून शेरा मीच वाचून दाखवला: सदर इसम मिळून आला असून तो सज्ञान आहे व स्वखुशीने वेगळा राहत आहे.

"सज्ञान म्हणजे काय हो साहेब?" तिने विचारलं.

"मोठा झालेला, मावशी," मी म्हणालो. "तुमचा मुलगा मोठा झालाय, एवढंच लिहिलंय."