आराम कुणाच्या अंगाला

जिममध्ये लोक वजनं उचलतात, मी ती परत जागेवर नेऊन ठेवतो. आज जिमचे मालक, आमचे सर, एका मेंबरला समजावत होते, "उचलताना मसल वाढत नसतो, फाटतो. वाढतो नंतर, जेवून झोपल्यावर. खांदा दुखतोय ना? मग दोन दिवस घरी बसा."

गावाकडे आईने जन्मभर डोक्यावरून विटा वाहिल्या. तिची मान पैलवानासारखी व्हायला हवी होती. ती वाकली. फाटणं तेवढं वाट्याला आलं, भरून यायला सवडच मिळाली नाही.

नववीत शाळा सोडलेल्या मला सरांनी काम दिलं, झोपायला जागा दिली. त्यांचे उपकारच आहेत. पण आराम मागितला तर ते दुसरा माणूस बघतील, ही धास्ती जात नाही.

मला खांदा चोळताना बघून त्यांनी विचारलं, "काय रे, दुखतोय का?"

"नाही सर," म्हणालो आणि त्याच दुखऱ्या खांद्याच्या हाताने लोखंड उचललं.