शेवटच्या चुलीची टोपली

नंदुरबारच्या बाजारात श्रावणात भुट्ट्यांच्या हातगाड्या उभ्या राहतात. कोळशावर कणीस तडतडतं, वास गल्लीभर पसरतो आणि मी पिशवी सावरून तिथून पुढे निघते. आमच्या कोपऱ्यावरचा गाडीवाला ओळखीचा आहे. दरवर्षी हाक मारतो, "बाई, एक तरी घ्या. कोवळं आहे, दातांना त्रास नाही व्हायचा." मी दरवर्षी सांगते, "दात शाबूत आहेत. डोंगरातून निरोप यायचा आहे." तो मान डोलावतो. म्हाताऱ्या माणसांना काहीबाही वाटतं, असं त्याला वाटत असावं.

तो निरोप पाठवणारी माझी मैत्रीण या वैशाखात गेली. यंदा त्या गाडीवाल्यासमोरून जाताना काय सांगायचं, तेच मला कळत नव्हतं.

तिची माझी ओळख झाली तेव्हा पन्नास साल उलटून गेलं होतं आणि मी नुकतीच लग्न होऊन सातपुड्यात आले होते. माझं माहेर कोरीटकडचं, गुजरांचं. केळी, कापूस आणि भरलेली कोठारं यांत वाढलेली मी. माझे यजमान खापर गावाच्या पलीकडे डोंगरातल्या एका पाड्यावर मुलांच्या वसतिशाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांच्या जोडीला मी लहान वर्ग शिकवू लागले. शाळा म्हणजे कुडाच्या भिंतींची लांब पडवी, मागे स्वयंपाकाचं छप्पर, त्याला लागून आमची खोली. त्या छपरात माझी मैत्रीण मुलांसाठी भाकरी थापायची. पाड्यातलीच, माझ्याच वयाची. तिच्या बोलीत लहानमोठ्या सगळ्यांना 'तू'च, म्हणून तिनं मला पहिल्याच दिवशी विचारलं, "बाई, तुला भाकरी येते का, की नुसती पुस्तकं येतात?" मी म्हटलं, "भाकरी येते." तिनं माझी भाकरी उलटून पाहिली आणि म्हणाली, "पुस्तकं जास्त येतात."

ती भिलोरीत बोलायची. मला ती बोली पुरती कधीच आली नाही, पण तिचं बोलणं मात्र कधी अडलं नाही. इथं मी ते माझ्या मराठीत लिहिते आहे. त्यातला निम्मा तिखटपणा जातो, याला इलाज नाही.

मी गेले त्या पहिल्याच पावसाळ्यात नदीला असा पूर आला की खापरहून ज्वारी आणणारी बैलगाडी पलीकडेच अडकली. शाळेची कोठी रिकामी होऊ लागली. यजमान सकाळ-संध्याकाळ नदी पाहून यायचे आणि कोठीतली उरलेली पोती मोजायचे. तेव्हा हिनं डोक्यावर टोपली घेतली आणि पाडाभर फिरली. कुणाच्या कणगीतली भगर, कुणाची वाळवलेली मोहाची फुलं, कुणाचे बांबूचे कोंब, कुणाकडे नुसता अंबाडीचा पाला. नदी उतरेपर्यंत शाळेची मुलं आणि आम्ही दोघं त्यावर राहिलो. मोहाची फुलं उकडून खाताना यजमानांनी पहिल्यांदा डोळे मिटून घेतले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून वाडगं पुढे केलं.

त्यानंतर दोनतीन वर्षांनी घडलं ते सांगायचं आहे.

त्या पाड्यावर रीत अशी होती की शेतात नवा मका कितीही तयार दिसला, तरी पुजारा दिवस ठरवेपर्यंत कुणी कणीस तोडायचं नाही. पुजारा म्हणजे गावदेवाचं पाहणारा म्हातारा. त्या दिवशी प्रत्येक घरानं आपल्या शेतातल्या नव्या कणसांची टोपली देवाच्या दगडापुढे आणायची, सगळ्या टोपल्या एकत्र ओतायच्या, भाजून सगळ्यांनी खायचं आणि मगच आपापल्या शेताला हात लावायचा. एखाद्या घराची टोपली तयार नसेल, तर पाडा थांबायचा. रिकाम्या हातानं कुणाला देवापुढे उभं करायचं नाही आणि कुणाला वगळून जेवायचंही नाही.

त्या वर्षी मागे राहिलं ते माझ्या मैत्रिणीचं शेत. उतारावरचं तिचं बी पहिल्या जोरदार पावसात वाहून गेलं आणि तिला पुन्हा पेरावं लागलं. भादवा आला तसा सगळ्यांच्या शेतात मका डोक्यावर गेला, हिचा मात्र कमरेशी. घराघरांतल्या कणग्या तळाला लागल्या होत्या. लोक कंद उकरून, खेकडे धरून दिवस काढत होते. समोर हिरवीगार कणसं डुलत होती आणि सगळ्यांच्या जेवणाची वाट तिच्या शेतावरून जात होती.

आणि लोक तिला सोडतात होय! पाण्याला गेली की बाया विचारायच्या, "काय गं, तुझा मका उभा राहिला, की अजून रांगतोय?" ती म्हणायची, "रांगतोय. तुझा नवरा शनिवारी बाजारातून पिऊन येतो तसा." एक म्हातारी तर रोज तिच्या बांधावर येऊन बसायची आणि मक्याला ओरडायची, "मेल्या, मी आता मरायला टेकले, घाई कर!" पण तीच म्हातारी हातात गोफण घेऊन दिवसभर पोपट हाकलायची. तीच काय, सगळा पाडा हिच्या शेतावर राबत होता. कुणी तण काढून गेलं, कुणी रानडुकरांसाठी काटेरी कुंपण घातलं. त्याला ते 'लाह' म्हणायचे: एकाच्या शेतावर सगळ्यांनी मजुरीवाचून राबणं. एरवी लाहेला बोलावणाऱ्यानं जेवण घालायचं असतं. हिच्याकडे घालायला काहीच नव्हतं, म्हणून ती प्रत्येकाला म्हणायची, "शिव्या द्यायला आलात ना, मग शिव्यांवरच पोट भरा."

हसत असली तरी तिला ते लागत होतं. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "बाई, माझ्या सासूच्या सासूपासून आमची टोपली कधी शेवटची नव्हती. आता देवाच्या दगडालासुद्धा माहीत झालं असेल." मी तिची समजूत काढायच्या ऐवजी म्हटलं, "देव काय, खापरच्या बाजारात माहीत झालंय." तिनं माझ्यावर पिठाचा हात उगारला.

पुजारा एक दिवसाआड शेतं पाहायला यायचा. कणसाचं एकच पान अलगद सोलायचा आणि दाण्यात अंगठ्याचं नख रुतवायचा. पाणी निघालं तर थांबायचं, दूध निघालं तर टोपली आणायची. एवढीच परीक्षा. एका सकाळी तिच्या शेतात पांढरं दूध उडून त्याच्या मिशीवर पडलं. ती तिथून जी धावत सुटली, ती थेट माझ्या वर्गात. मुलं पाढे म्हणत होती. दारातूनच ओरडली, "दूध! बाई, दूध!" मुलं पाढे सोडून नाचायला लागली, मीही पुस्तक मिटलं.

संध्याकाळी सगळे देवाच्या दगडापाशी जमले. आता पुजारा दिवस सांगणार. मैत्रीण सगळ्यांत पुढे, दिवाळीच्या सुनेसारखी नटून. पुजाऱ्यानं विडी विझवली आणि म्हणाला, "एक चूल बाकी आहे."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. म्हातारी म्हणाली, "आता कुणाची रे? मी मेले तरी चालेल का तुला?"

पुजाऱ्यानं हनुवटी शाळेकडे वळवली. "त्यांची."

शाळेच्या मागे आमचं छोटंसं शेत होतं. विकासगटाच्या कचेरीतून सुधारित मक्याचं बी आलं होतं, मुलांना शेती शिकवा म्हणून. आलं मात्र सगळ्यांच्या पेरण्या उरकल्यावर. तो मका दिसायला रुबाबदार होता, पण कणसं अजून बोटाएवढी. ते शेत कुणाच्या हिशेबात असेल असं आम्हा दोघांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

यजमान पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "पुजारा, आमच्यासाठी नका थांबू. आम्ही बाहेरची माणसं. आमची ज्वारी गाडीनं येते. तुम्ही जेवा."

पुजारा म्हणाला, "पुराच्या वर्षी तू कुणाचं खाल्लंस?"

"तुमचंच."

"ज्या चुलीला आमचा दाणा लागला, ती बाहेरची कशी?"

यजमानांनी जोडलेले हात सोडले. तेवढ्यात मागून असं हसू फुटलं की सगळे वळले. माझी मैत्रीण पदर तोंडात कोंबून हसत होती आणि पदराला ते आवरत नव्हतं. "अगं बाई," ती म्हणाली, "रांगतोय का गं तुझा? खापरच्या बाजारात कळवू का?" मग सगळा पाडाच हसायला लागला. पोट रिकामं असताना माणसं इतकी हसू शकतात, हे मी कोरीटला कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून गोफणवाली म्हातारी आमच्या बांधावर आली. लोकांनी आमचं तण काढलं, मुळांना माती लावली. मैत्रीण कणसं पाहून म्हणायची, "साहेबाचा मका साहेबासारखाच. उंची मोठी, अंगावर पानं भरपूर, आणि हातात काही नाही."

पण आता काळजी खरी होती. पाडा माझ्यामुळे उपाशी थांबला होता, आणि म्हातारीच्या गोफणीतला दगड बांधापलीकडेही जात नव्हता. त्या वर्षीही चढलेली नदी त्याच आठवड्यात उतरली आणि खापरहून ज्वारीची गाडी आली. गाडीवान खाली सपाटीवरचा, अहिराणी बोलणारा, जिभेचा मोकळा. त्यानं पोती उतरवली, कमरेवर हात ठेवून भोवती पाहिलं आणि म्हणाला, "आठे समदा शेतमा मका उभा शे, आनि तुम्ही मन्ही ज्वारीनी वाट पाही ऱ्हायनात! काय मानसं शेत व माय तुम्ही!"

पोती कोठीत जाण्याआधीच मी यजमानांकडे पाहिलं. ते म्हणाले, "ही मुलांची आहे." मग म्हणाले, "मुलं तरी कुणाची आहेत?" त्यांनी स्वतःच पोत्याची शिवण उसवली.

त्या दिवसापासून शाळेची चूल पाड्याची झाली. मोठ्या हंड्यात ज्वारीच्या कण्या शिजत, बाया रानातली भाजी आणत, पुरुष नदीतले मासे. माझ्या माहेरी लसूणसुद्धा जपून खात, आणि मी शाकाहारी बाई माशाच्या हंड्याशेजारी बसून कण्या वाढत होते. मैत्रीण ओरडायची, "वाढ, वाढ! लाहेला बोलावलंयस ना, मग जेवण घालावं लागतं!" तिला घालता आलं नव्हतं ते जेवण ती माझ्या चुलीवरून घालत होती, आणि घालताना तिचा आवाज सगळ्यांत वर होता.

अखेर पुजाऱ्यानं आमच्या कणसात नख रुतवलं. दुधाचा एक थेंब कसाबसा वर आला. तो थेंब त्यानं बराच वेळ पाहिला. "दूध आहे," म्हणाला. "बकरीचं असेल, पण दूध आहे."

ठरल्या दिवशी सगळ्या टोपल्या दगडापुढे ओतल्या. माझी टोपली शेवटची. मैत्रिणीनं ती माझ्या डोक्यावर ठेवली, मान हलू नये म्हणून मागून धरून चालली आणि ओतताना तिचाही हात लागला. ढिगात पडल्यावर कुणाचं कणीस कोणतं, ते कुणालाच ओळखता आलं नसतं. भाजलेल्या मक्याचा पहिला घास म्हातारीला दिला. ती चावून म्हणाली, "आता मरत नाही."

पुढे साठच्या दशकात आमची बदली नंदुरबारला झाली. निघताना मैत्रीण म्हणाली, "चूल हलली, तरी मोजायची नाही का?" तेव्हापासून मी परसात धुण्याच्या दगडाशी मक्याची चार रोपं लावत आले. ती खापरच्या गाडीनं, पुढे बसनं निरोप पाठवायची: इथं दूध आलं, तुझं काय? मी उत्तर पाठवायची. बसवाल्यांना हे निरोप पाठ झाले होते. मग ठरल्या दिवशी मी माझं कणीस भाजायची, ती तिचं. यजमान असेपर्यंत तेही थांबायचे, आणि रोज संध्याकाळी परसात जाऊन नख रुतवून यायचे.

यंदा आषाढ सरत आला तरी मी बी हातात घेतलं नाही. श्रावण लागताना, बियांचा डबा उघडला म्हणून, टाकलं. रोपं आली ती उशिरा आणि बारीक.

परवा सकाळी दार वाजलं. मैत्रिणीची सून. डोक्यावर बोचकं, पायांत धूळ. पाणीसुद्धा न पिता थेट परसात गेली.

"पाड्यावर सगळ्यांचं तयार आहे," ती म्हणाली. "पोरं चोरून खातात, पण आताचा पुजाराही थांबलाय. सासू सांगून गेली, निरोपावर राहू नको, बाई खोटं कळवेल. स्वतः जाऊन बघ."

तिनं एक पान सोललं आणि नख रुतवलं. निर्मळ पाणी आलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. सासू पाहायची, अगदी तसंच.

"रांगतोय," ती म्हणाली, आणि बोचकं ओट्यावर ठेवून बसली. "मग मी राहते. चहा टाक."