चाचांचं स्पॅनिश

भोरच्या पेठेतले शिंपी चाचा तरुणपणी आगबोटीवर होते आणि दोन वर्षं स्पॅनिश बोलणाऱ्या एका बंदरात राहिले होते. मी उत्रोलीच्या शाळेतला मास्तर. हौसेनं स्पॅनिशचं जुनं पुस्तक आणलं, पण ‘केदार’ या एकाच क्रियापदापुढे पाच अर्थ पाहून हरलो आणि चाचांकडे गेलो.

चाचांनी अर्थ सांगितलाच नाही. मी त्यांच्याकडे शिवायला टाकलेला, अजून कच्च्या शिलाईचा कोट माझ्या अंगावर चढवला. “अंगाला बसला? केदा.” उरलेलं कापड दाखवलं. “ह्ये उरलं. ह्येबी केदा.” मी उठलो, तर चहा पुढे सरकवला. “थांबा की. त्यालाबी त्योच शबुद.”

“पण चाचा, कुठला अर्थ ते ओळखायचं कसं?”

त्यांनी खुंटीवरच्या परदेशी कोटाकडे पाहिलं.

“म्या तापानं फणफणलो व्हतो. तितल्या हमालानं अंगातला कोट काडून माज्यावर घातला आन त्योच शबुद म्हनला. तवा मला त्यांचं याक अक्षर येत न्हवतं, गुरुजी. तरी कळलं, तुलाच ठेव म्हनतोय.”

त्या कोटाच्या कोपरावर कुणीतरी वेडंवाकडं ठिगळ लावलेलं होतं. एक टाका चुकला म्हणून माझा कोट तीनदा उसवणाऱ्या या माणसानं ते इतकी वर्षं तसंच राहू दिलं होतं.