रेवा खोटं बोलत नव्हती

कुमुदताई गेल्याचा फोन आला तेव्हा माझी दहा वर्षांची रेवा शेजारीच बसून आंबा खात होती. देवासच्या दवाखान्यातली नर्स रडत होती. "सर, मॅडम नहीं रहीं…" मी "राँग नंबर" म्हणून फोन ठेवला. मुलीला कळलं तर तिची नजर पुन्हा जाईल, एवढंच तेव्हा मनात आलं. माणूस गेल्याचं दुःख नंतर आलं, आणि त्याची मला लाज वाटते.

आमच्या धारच्या घरात चातुर्मासात पोथी वाचतात. गेल्या वर्षी पुण्याचे पाहुणे आले होते. मी शाळामास्तर, अंगात भलती ऐट. जाहीर करून टाकलं, "आजचा अध्याय रेवा वाचेल." हिंदी शाळेतली पोर ती, तिसऱ्याच ओवीला अडखळली. पाहुणे हसले. ते हसले ते हसले, पण मी सगळ्यांदेखत म्हणालो, "बुडवलंस घराण्याचं नाव!" दुसऱ्या दिवशी ती उठलीच ते चाचपडत. "बाबा, मला कुछ नी दिसत." मला वाटलं, वाचन चुकवायला सोंग करतेय. इंदूरला सगळ्या तपासण्या झाल्या, डोळे ठणठणीत निघाले, आणि त्या संध्याकाळी मी तिच्या थोबाडीत मारली. तिला हात येताना दिसला नाही. तिनं मान जरासुद्धा वळवली नाही.

मग कुणीतरी देवासच्या कुमुदताईंचं नाव सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टर, साठीच्या पुढच्या, बोलणं तुटक. त्यांनी रेवाला चष्म्याच्या चाचणीची चौकट घातली, गप्पा मारत एकावर एक भिंगं चढवली. एकाचा नंबर दुसऱ्यानं पुसला जाईल अशी, म्हणजे शेवटी साधी काचच. रेवानं तक्त्याची शेवटची ओळ वाचली! मी ओरडलो, "पाहिलंत? खोटारडी!"

ताईंनी मला बाहेर काढलं. मागोमाग येऊन म्हणाल्या, "डोळे बघतायत, मन बघू देत नाहीये. तिला खरंच दिसत नाही, मास्तर. पुन्हा खोटारडी म्हणालात तर उपचार बंद."

"मग औषध?"

"पोथी बंद. आणि तिची माफी मागा."

पोरीची माफी मागायला मला महिना लागला. तोवर दर शनिवारी आम्ही इंदूरवरून बस बदलून देवासला जायचो. ताई आणि त्यांच्याकडची समुपदेशक तिला चिकणमाती द्यायच्या, बोलतं करायच्या. मी माफी मागितली त्या आठवड्यात तिला खिडकीचा उजेड दिसला. मग रंग, मग माणसं. शाळेच्या परीक्षेत एकदा दिसणं परत गेलं, परत आलं. ताई कधी घाबरल्या नाहीत. घाबरायचो मी.

रेवा ताईंना मावशी म्हणायची. फोननंतर दोन शनिवार मी थापा मारल्या. मावशींना सर्दी झालीय, मावशी गावाला गेल्यात… तिसऱ्या शनिवारी ती तयार होऊन बसली. धारच्या बस स्टँडपर्यंत गेलो, तिथं मात्र तिकीट न काढता मी बाकावर बसून राहिलो. ती म्हणाली, "बाबा, मी ठीक झाले म्हणून मावशी बोलवत नाही ना? फिरसे दिसायचं बंद झालं तर बोलवेल?"

त्यापुढे खोटं बोलवेना. सांगून टाकलं. ती रडली नाही. म्हणाली, "बाबा, बस कुठेय? दिसत नाहीये."

आमच्यासमोरच उभी होती बस. कंडक्टर वाकून विचारत होता, "बिटिया को क्या हुआ, भिया?"

"दिख नहीं रहा उसे," मी म्हणालो. चार माणसांत, मोठ्यानं, पहिल्यांदाच.

त्याला आज नऊ दिवस झाले. कुमुदताई गेल्यावर त्यांच्याकडची समुपदेशकही गावी निघून गेली, आता पोरीला कुणाकडे न्यायचं ते मला सुचत नाही. सकाळी उठल्यावर ती हाक मारते, मी जाऊन जवळ बसतो. दिसतंय का, असं कधीही विचारायचं नाही, ही कुमुदताईंची सक्त ताकीद होती. ओठांवर आलेलं गिळतो आणि तिची वेणी घालायला घेतो.