घरघंटीवरचा आळ

गावात कुणी कॉम्प्युटरचा विषय काढला की मी लगेच लावणीचा विषय काढतो. रोपं कशी आहेत, चिखलणी कुणाची झाली, असं काहीही विचारतो. इतकी वर्षं हे जमून गेलं. मागच्या दिवाळीत मात्र सगळे जेवायला बसलेले असताना सुनेने सहज विचारलं, "बाबा, तो आपला जुना कॉम्प्युटर सारखा बंद का पडायचा हो?" मी पानावरून उठलो आणि गुरांना पाणी दाखवून येतो म्हणून गोठ्यात गेलो. आमच्याकडे आता गुरं नाहीत. तरीही मी बराच वेळ तिथे उभा राहिलो.

असं किती दिवस करणार? म्हणून लिहून टाकतो.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. मुरबाडच्या स्टँडवर खिडकीत बसून गाड्या पुकारायचो. निवृत्त झाल्यावर पुकारायला काही उरलं नाही. तेव्हा कल्याणला राहणाऱ्या मुलाने लॅपटॉप घेतला आणि त्याचा जुना कॉम्प्युटर मला आणून दिला. मी मराठी टायपिंग शिकलो. ओटीवर टेबल टाकून गावाचे अर्ज लिहायला लागलो. कुणाचा मीटरचा अर्ज, कुणाचा विहिरीचा. वैशाखरे गावाकडे जाणारी जीपसुद्धा आमच्या दारात थांबायला लागली. मला पुन्हा खिडकीत बसल्यासारखं वाटायचं.

घर आमचं मुरबाड–माळशेज रस्त्यावर. मधोमध भिंत घालून दोन भाग केलेले. एकात मी, दुसऱ्यात माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिची मुलगी लग्न होऊन शहापूरला गेली होती. वहिनीच्या पडवीत घरघंटी होती. वाडीतल्या बाया भाकरीचे तांदूळ डब्यात घालून आणायच्या आणि दळण होईपर्यंत पडवीतच बसायच्या. कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाचं कुणाशी वाजलं, सगळं तिथे कळायचं. घंटी बंद असली की घर खायला उठतं, असं वहिनी म्हणायची. त्या घंटीवर तिचा सगळा दिवस उभा होता.

भिंत घातली तरी लाइटचा मीटर आम्ही एकच ठेवला होता. हे लक्षात असू द्यावं.

त्या पावसाळ्यात आमची ही सुनेच्या बाळंतपणासाठी म्हणून कल्याणला गेली होती. मी एकटाच होतो. स्वयंपाक जमला, कपडे मात्र वाळेनात. आमच्याकडच्या पावसात वलणीवरचा टॉवेल चार दिवसांनी काढला तरी जास्तच ओला लागतो. पूर्वी चूल होती तेव्हा माझी टोपी चुलीच्या वर टांगलेली असायची. आता गॅस. गॅसवर टोपी कशी वाळवणार? पण कॉम्प्युटरच्या पेटीच्या मागून छान गरम हवा यायची. सकाळी आंघोळीबरोबर टोपी धुवायची, पिळायची, पेटीच्या मागच्या जाळीला नीट पसरून अडकवायची आणि लिहायला बसायचं. मला माझी ही युक्ती फार आवडली होती. गॅस आल्यापासून घरात पहिल्यांदाच टोपी वाळायची सोय झाली होती.

त्याच सुमारास कॉम्प्युटर अडकायला लागला.

आधी पडद्यावरचा बाण जागच्या जागी थांबायचा. मग घड्याळ थांबायचं. मग निळा पडदा येऊन त्यावर इंग्रजीत काहीतरी तक्रार यायची, किंवा तेही नाही, नुसता अंधार. खालच्या आळीतल्या एका गृहस्थांचा विहिरीचा अर्ज मी पुन्हा पुन्हा लिहिला. पहिल्या खेपेला त्यात विहिरीचा सगळा इतिहास होता, त्यांच्या आजोबांपासून. प्रत्येक खेपेला तो थोडा थोडा गळत गेला. शेवटी "विहीर मिळावी, ही विनंती" एवढाच राहिला, आणि त्यांना विहीर मंजूरही झाली.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, बंद करून चालू करा. मी म्हटलं, बंद तो स्वतःच होतो, माझ्याकडे फक्त चालू करण्याचं काम आहे. मग कुणी सांगितलं, अर्थिंग कमी पडत असेल, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि पाणी घाला. धो धो पाऊस पडत असताना मी एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात कळशी घेऊन त्या खड्ड्यात पाणी ओतत होतो. रस्त्यावरून जाणाऱ्या जीपमधले सगळे एका बाजूला येऊन बघत होते.

वहिनी पडवीतून म्हणाली, "भावजी, पाऊस पुरत नाय का?"

मग मुरबाडहून कॉम्प्युटर दुरुस्त करणारा बोलावला. बाहेरचं माणूस समोर असताना बोडक्या डोक्याने बसायचं नाही, ही मला वडिलांनी लावलेली शिस्त. जीप थांबली की मी पेटीमागची टोपी काढून डोक्यावर घालायचो, ओली तर ओली. त्याने पेटी उघडली, आतली पट्टी काढून खोडरबराने घासली, फुंकर मारली, चालू केली. कॉम्प्युटर गरीब गाईसारखा चालला. आम्ही चहा घेतला. तो गेला. मी टोपी परत जाळीला लावली आणि दोन ओळी लिहितो न लिहितो तोच बाण थांबला.

पुन्हा बोलावला. पुन्हा टोपी डोक्यावर आणि कॉम्प्युटर ठणठणीत. माणूस बघून वागणारं यंत्र मी पहिल्यांदाच पाहत होतो. शेवटी तो पेटी उचलून दुकानात घेऊन गेला. तिथे ती सबंध आठवडा गाणी वाजवत होती. एकदाही अडकली नाही.

ती परत आणून लावताना तो म्हणाला, "काका, पेटी ओके आहे. लोचा तुमच्या लाइनीत आहे. या मीटरवर एखादी मोटर चालते का?"

तेवढ्यात भिंतीपलीकडे घरघंटी सुरू झाली. आम्ही दोघांनी भिंतीकडे बघितलं.

मी नियंत्रक माणूस. त्याच संध्याकाळी मी घंटीचं वेळापत्रक बनवलं. सकाळ अर्जांची, दुपारनंतर दळणाची. ओटीवर उभा राहून, स्टँडवर पुकारायचो त्याच आवाजात ते पुकारून दाखवलं. वहिनी पदर तोंडाला लावून हसली. "हा काय स्टँड हाय, भावजी? नि माझी घंटी काय फलाटावर लागते?" पण तिने ऐकलं. सकाळी दळणारी बाई दुपारी दळायला लागली. बाया कुरकुरल्या, कारण दुपारच्या भाकरीचं पीठ तर सकाळीच लागतं.

एवढं करूनही सकाळी कॉम्प्युटर अडकायचाच. मग मला वाटायला लागलं की वहिनी चोरून घंटी लावते. मी भिंतीला कान लावून बसायला लागलो. पावसात पत्र्यांचा इतका आवाज होता की हवी तेव्हा घंटी ऐकू यायची.

एकदा तिने मला विचारलं होतं, "भावजी, टोपीवर ही जाळी कसली उमटलीय?" टोपीवर काळपट गोल गोल रेघा पडल्या होत्या. मी म्हटलं, साबण बरा नाही. मग घाईघाईने दुसरा विषय काढला, कारण बोलता बोलता ती पडवीतून ओटीवर येईल आणि मागे वाळत घातलेला पंचाही बघेल, अशी मला भीती होती.

मग तो दिवस आला. एका शाळेच्या मुख्याध्यापकांचं लांबलचक पत्र संपत आलं होतं आणि पडदा काळा झाला. मी तसाच उठून पडवीत गेलो. तिथे डबे मांडून बाया बसल्या होत्या. दळणाच्या वेळेआधी येऊन त्या गप्पा मारत होत्या, एवढंच. मी त्या सगळ्यांसमोर वहिनीला म्हणालो, "वहिनी, तुम्ही चोरून घंटी लावता आणि वर नाही म्हणता."

"मी नाय लावली, भावजी."

"खोटं बोलू नका."

बाया आपापल्या डब्यांकडे बघायला लागल्या. वहिनीने मला आयुष्यात उलट उत्तर दिलं नव्हतं, टोमणे सोडून. त्या दिवशी तिने टोमणाही मारला नाही. घंटीवर कापड टाकलं आणि म्हणाली, "तुमची पेटी तुमची लाडकी. सांभाळा तिला. घंटी मी हालवते."

गणपतीच्या आधी शहापूरहून जावयाचा टेंपो आला. घंटी गेली. गणपतीला म्हणून वहिनीही लेकीकडे गेली आणि तिकडेच राहिली. पडवीला कुलूप लागलं.

आता याच्यापुढचं लिहायला मला जास्त लाज वाटते. पाऊस सरला, ऊन पडलं, टोपी अंगणातल्या दोरीवर वाळायला लागली आणि कॉम्प्युटर सुरळीत झाला. सबंध हिवाळा तो एकदाही अडकला नाही. म्हसा गावच्या जत्रेत मी ओळखीच्या प्रत्येक माणसाला थांबवून सांगितलं, की घंटी गेली आणि कॉम्प्युटर सुधारला. लोक बैल बघायला आले होते, मी त्यांना लाइनीतला दोष समजावून सांगत होतो. एकाने विचारलं, मग वहिनी बऱ्या आहेत ना? मी म्हटलं, हो, त्याही मजेत आहेत. मला काय ठाऊक होतं?

पुढचा पावसाळा आला. आमच्या हिचा मुक्काम कल्याणलाच लांबला होता. टोपी वलणीवर वाळेना. मी ती जाळीला लावली. कॉम्प्युटर अडकला.

भिंतीपलीकडे कुलूप होतं. मी कान लावून पाहिला, तरीही.

त्याच सकाळी एक जण अर्ज लिहून घ्यायला आला. त्याला बघून मी टोपी ओढली, तर ती येईना. तिची कड जाळीतून आत जाऊन पंख्यात अडकली होती. जोर लावला तसा टर्रकन आवाज झाला, टोपी हातात आली आणि आतला पंखा जोरात फिरायला लागला. इतका वेळ बिचाऱ्याचं तोंड मी दाबून धरलं होतं. टोपी भाकरीसारखी गरम होती. तिच्यावर काळ्या रेघांची तीच जाळी उमटली होती. मी ती डोक्यावर घातली.

"काका," तो माणूस म्हणाला, "टोपीला जाळीचा डाग पडलाय."

मी म्हटलं, साबण बरा नाही.

त्यानंतर वहिनीची माफी मागायला मी शहापूरला निघालो. नुसतं कसं जायचं, म्हणून पिशवीत पाच किलो तांदूळ घेतले, दळण आहे असं सांगायला. सरळगावला जीप बदलताना ड्रायव्हरने पिशवी वर टाकली आणि म्हणाला, "मुरबाडातल्या गिरण्या बंद पडल्या का, काका?" किन्हवलीपर्यंत सगळी जीप त्याच विषयावर बोलत होती.

लेकीच्या घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये घंटी चालू होती. बाया रांगेत डबे ठेवून बसल्या होत्या, आमच्या पडवीत बसायच्या त्याहून जास्त. वहिनी तब्येतीने बरी दिसत होती. तिने मला बसायला स्टूल दिलं आणि डोक्याकडे बघितलं.

"भावजी, टोपी कुठाय?"

"वाळत घातलीय," मी म्हटलं.

ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग माझे तांदूळ घंटीत ओतले आणि बटण दाबलं. त्या आवाजात मला एकदम धीर आला. वर पत्र्यांवर पाऊसही होता. मी जीपमध्ये घोकलेलं सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत बोललो, अगदी स्टँडवरच्या आवाजात. दळण संपलं, तिने बटण बंद केलं.

"काय म्हणत होतात?"

रांगेतल्या सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "बारीक दळा, म्हटलं."

"बारीकच दळते मी," वहिनी म्हणाली, आणि गरम पिठाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

तेव्हापासून मी पुष्कळदा दळण घेऊन शहापूरला गेलोय. दर वेळी घंटी चालू असते तोवर बोलतो आणि ती थांबली की थांबतो. बोलतो ते एवढंच असतं: वहिनी, तुम्ही खोटं बोलला नव्हतात. घंटीचा काहीच दोष नव्हता. जाळीवर टोपी माझी होती. मी चार बायांसमोर तुम्हाला खोटं पाडलं, आता चार बायांसमोर सांगतो, माझं चुकलं. पडवीचं कुलूप काढून ठेवलंय. घरी चला.